चुली दोन, जिना एक

तीन फेब्रुवारी. आजचं काम — हॉलची भिंत खरवडून घेणं.

एप्रिलमध्ये गौरीचं, माझ्या मुलीचं लग्न आहे. त्याआधी घराला रंग. पेंटर सकाळीच आला. सोफा मधोमध ओढून त्यावर जुन्या चादरी टाकल्या, पंख्याला पेपर गुंडाळला आणि तो खरवडायची पत्री घेऊन भिंतीला लागला. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळाने त्याची हाक आली, "काकू, इथं काही होतं काय?"

बाहेर येऊन पाहिलं, तर भिंतीवर जिना होता. म्हणजे जिना कुठला — त्याची कड. जुन्या हिरव्या ऑइलपेंटची, पायरीपायरीने वर चढत गेलेली रेघ. कोपऱ्यातून निघून थेट छताला भिडलेली. मधल्या वर्षांत तिच्यावर दोनदा रंग बसला होता. पत्रीखाली ती परत निघाली.

"जिना होता," मी म्हटलं. "काढला."

तो परत पत्री चालवायला लागला. मी पोळ्यांकडे परत गेले. तव्यावरची पोळी करपली होती. माझी पोळी करपत नाही.

आता जे लिहिते आहे ते आजवर कोणाजवळ बोललेलं नाही. गौरीच्या बाबांजवळ नाही, पाठच्या बहिणीजवळ नाही. देवाजवळही नाही, त्याच्याशी बोलत बसायची मला सवय नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा काल अकोल्याला जाऊन आले म्हणून. ते पुढे येईलच.

आधी जिन्याचं सांगते.

राजापेठच्या मागच्या गल्लीत हे घर दोघा भावांनी मिळून बांधलं — दादा, म्हणजे माझे मोठे दीर, आणि गौरीचे बाबा. वर दादा आणि जाऊबाई, खाली आम्ही. जाऊबाईंना मी नुसतं बाई म्हणते. जिना बाहेरून घ्या, पुढेमागे वरचा मजला भाड्याने देता येतो, असं इंजिनिअर सांगत होता. दादांनी ऐकलं नाही. बाहेरून जिना केला की एका घराची दोन घरं होतात, म्हणाले. चुली दोन असू द्या, जिना एकच. आणि तो घरातून.

लाकूड बाईंच्या माहेरचं. त्यांच्या वडिलांचा धामणगाव रेल्वेला कापसाचा व्यापार होता. तिथलं जुनं गोदाम पाडलं तेव्हा निघालेलं सागवान त्यांनी ट्रकमध्ये घालून लेकीच्या घरासाठी पाठवलं. त्याच्याच पायऱ्या केल्या. काही पायऱ्यांना गोदामातल्या खिळ्यांची भोकं तशीच राहिली होती. गौरी त्या भोकांत पेन्सिल खुपसून फिरवत बसायची. एका पायरीच्या भोकाभोवती तिने निळ्या शाईने डोळा काढला होता, भुवईसकट. पुसला, पण पुरता गेला नाही.

जिना हॉलमधून निघायचा, मध्ये एक वळण घ्यायचा आणि वर बाईंच्या स्वयंपाकघरापाशी उघडायचा. बाईंनी काही केलं, अंबाडीची भाजी म्हणा, गोळाभात म्हणा, की त्या वळणापर्यंत उतरायच्या आणि वाटीने कठड्यावर टकटक करायच्या. हाक मारायच्या नाहीत. टकटक झाली की मी ओले हात पदराला पुसत जायचे आणि वाटी घ्यायचे. वाटी रिकामी परत पाठवायची नाही ही आमच्याकडची रीत. घरात काहीच नसलं तर मी गुळाचा खडा टाकून पाठवायचे. बाई वरून म्हणायच्या, "गूळ आला म्हंजे आज शोभाच्या घरी एकादस दिसते." तेवढं बोलून हसायच्या.

उन्हाळ्यात कूलर एकच होता. तो जिन्याच्या तोंडाशी ठेवायचा, म्हणजे वारा निम्मा आम्हाला आणि निम्मा वर. भारनियमनाच्या संध्याकाळी सगळं घर जिन्यावर येऊन बसायचं, कारण गच्चीचं दार उघडलं की तिथे झुळूक लागायची. वळणावर बाई भाजी निवडत, त्यांच्या खालच्या पायरीवर गौरी, सगळ्यात खाली गौरीचे बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून. दादा वरच्या टोकाला रेडिओ मांडीवर घेऊन. मी कुठे? मी बहुतेक स्वयंपाकघरात मेणबत्तीपाशी कणीक मळत असे. मला कोणी बोलावत नव्हतं असं नाही. बोलावत होते. मला काम टाकून बसता येत नसे. आजही येत नाही.

जिन्याखाली ज्वारीचं पोतं, लोणच्याच्या बरण्या, हिवाळ्यात कूलर. तिथला वास अजून आठवतो — मोहरी, धूळ आणि सागवान. पेंटरने आज जे खरवडलं त्यात तो कुठून येणार? तरी मी एकदा भिंतीपाशी जाऊन वाकून पाहिलंच.

हे सगळं इतकं चांगलं होतं, तर जिना काढला का?

लोकांना सांगितलेलं कारण आधी सांगते, कारण ते तयार आहे. मी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. हॉलमध्ये सतरंज्या टाकून मुलं बसायची, आणि जिन्याने हॉलचा चांगला मोठा तुकडा खाल्ला होता. शिकवणी चालू असताना बाई मधल्या वळणावर येऊन बसायच्या. दादा गेल्यावर तर रोजच. वर एकटीला करमत नाही म्हणायच्या. एकदा फळ्यावर माझी बेरीज चुकली, तर त्यांनी वरून सांगितलं. मुलं हसली. बाई सातवी शिकलेल्या, पण वडिलांच्या दुकानात बसून हिशेब पक्का झालेला. मी बेरीज दुरुस्त केली. राग आला का? आला. पण तेवढ्यासाठी कोणी जिना काढत नाही.

तेव्हा सगळ्यांना सांगितलं, जिन्याला वाळवी लागली.

वाळवी लागलेली नव्हती.

एवढं लिहिलं, तर आता खरं कारणही लिहायला हवं. गौरी शाळेतून आली की दप्तर खाली टाकायची आणि चपला न काढता वर पळायची. मी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी असे. जेवायची वरच. परीक्षेत कमी मार्क पडले की आधी मोठ्या आईला दाखवायचे — बाईंना ती मोठी आई म्हणते — मग मोठी आई तो कागद घेऊन खाली उतरणार आणि मला म्हणणार, "आता तिले उगा बोलू नको." माझ्याच मुलीला बोलायचं की नाही, ते मला जिन्यावरून कळायचं.

बाईंना मूल नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याचा मी विचार केला नाही असंही नाही. केला, आणि बाजूला ठेवला.

गौरी सातवीत होती. एक दिवस दुपारी कठड्यावर टकटक झाली. मी पोळपाटावरून उठून गेले, हातात लाटणं तसंच. बाईंच्या हातात वाटी होती आणि वाटीत शिरा. चेहरा फुललेला. हळूच म्हणाल्या, "तुही पोरगी मोठी झाली वं. शाळेतच झालं. घाबरली होती, म्हून माह्याजवळ आली. म्या सगळं समजावलं, कपडे बदलले, निजली आता. तू काळजी करू नको."

मी वाटी घेतली. शिरा खाल्ला का? खाल्ला. चांगला झाला होता, वेलदोडे घातलेला. आणि तो खाताना मी ठरवलं की हा जिना या घरात राहणार नाही.

तुम्हाला वाटेल, मुलीशी बोलायचं, जावेशी बोलायचं. बोलून काय म्हणायचं होतं? की माझी मुलगी मला परत द्या? ते तोंडातून निघालं नसतं. जिना काढणं सोपं होतं. मी काम करणारी बाई आहे. मला जे करता येतं ते मी केलं.

आमचं थोडं शेत आहे, गावी. तिथल्या गोठ्याचं दार वाळवीने पार पोखरलेलं होतं. हुरड्याच्या वेळी गेलो तेव्हा त्याचा एक हातभर तुकडा मी मोडून घेतला, पेपरात गुंडाळला आणि पिशवीत ज्वारीच्या कणसांखाली घालून आणला. दोन दिवसांनी गौरीचे बाबा जेवायला बसले असताना तो त्यांच्यापुढे ठेवला. जिन्याखाली बरण्या काढायला गेले, हात लावला तर हा निघून आला, म्हटलं. यांनी तो नुसता उलटापालटा केला आणि बाजूला सरकवला. वाळवीला हे फार घाबरतात. ऑफिसात त्यांच्या डोळ्यांदेखत एक आख्खं कपाट गेलं होतं. आज जिना, उद्या चौकटी, म्हणाले. वहिनीला विचारावं लागेल, म्हणाले. मीच विचारते, मी म्हटलं.

तो तुकडा घेऊन मी वर गेले. त्याच जिन्याने. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी तुकडा हातात घेतला, चष्मा वर केला, एका भोकातली माती नखाने काढली आणि दोन बोटांत चुरून पाहिली. बराच वेळ पाहत होत्या. मला वाटलं, माहेरचं लाकूड, जड जात असेल. मग तुकडा माझ्याकडे परत दिला.

"काढून टाका मंग," म्हणाल्या. "घर मोठं, का जिना मोठा?"

काढायचा दिवस मी निवडला. हे ऑफिसात, गौरी शाळेत. कारण लाकूड निघाल्यावर ते कोणी नीट पाहायला नको होतं. सुतार आणि त्याची माणसं आली. आधी कठडा, मग पायऱ्या वरून खाली. सागवान फाटत नाही, एकेक फळी सुटी होताना कण्हल्यासारखी वाजायची. बाई वर, जिना जिथे उघडायचा तिथे उभ्या होत्या. मी खाली. खालून वर पाहिलं तर त्यांची फक्त पावलं आणि नऊवारीचा काठ दिसत होता.

निम्म्या पायऱ्या निघाल्यावर त्या म्हणाल्या, "शोभा, एक फळी ठेवजो माह्यासाठी. पाट करीन."

मी काय म्हणाले? म्हणाले, "बाई, वाळवीचं लाकूड कशाला वर नेता? बाकीच्या सामानाला लागेल."

"असू दे," म्हणाल्या.

सुताराने एक फळी वर चढवून दिली. बाकीचं हातगाडीवर घालून तो घेऊन गेला. छतातलं भोक फळ्यांनी झाकून खालून टेकू दिले, स्लॅब दोन दिवसांनी टाकायचा होता. अंगणात लोखंडी जिना उभा राहिलाच होता, रंग तेवढा व्हायचा होता. गौरी शाळेतून आली, दप्तर टाकलं, दोन पावलं पळाली आणि थांबली. छताकडे पाहिलं. मग मला विचारलं, "मोठी आई आता कुठून येईल?" मी बोट दाखवलं. बाहेरून.

बाईंचे गुडघे तेव्हाच धरत होते. लोखंडी जिना उभा आणि अरुंद. काही महिने त्या आल्या, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात वाटी. मग वाटी गौरीबरोबर यायला लागली. उन्हाळा आला तसा तो जिना इतका तापायचा की दुपारी त्याला हात लावता येत नसे. कूलरचा वारा वर जायला वाट राहिली नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा कूलर घेऊ, असं मी दोनदा म्हणाले. घेतला नाही. त्या दिवाळीत त्यांचा भाऊ अकोल्याहून आला आणि चार दिवस चल म्हणाला. अजून ते चार दिवस चालू आहेत. वर आता क्लाससाठी बाहेरगावहून आलेल्या मुली राहतात. भाडं वेळेवर देतात.

आणि गौरी? ती माझ्याकडे आली का? नाही. ती कोणाकडेच गेली नाही. दार लावून अभ्यास करायची, मग पुण्याला शिकायला गेली, मग तिथेच नोकरी. लग्न ठरलं तेव्हा फोनवर एकच गोष्ट ठासून सांगितली, की देवाच्या पत्रिकेनंतरची पहिली पत्रिका मोठ्या आईला. आणि ती मीच नेऊन द्यायची, कुरिअरने नाही.

म्हणून काल अकोल्याला गेले. एसटीने, मूर्तिजापूरवरून. बाई भावाच्या घरी मागच्या खोलीत राहतात. खूप वाळल्या आहेत, पण आवाज तोच. मी पत्रिका दिली, अक्षता दिल्या, पाया पडले. भावजय जेवायला वाढायला लागली. टेबल आहे त्यांच्याकडे. बाई म्हणाल्या, "नाही, शोभा इथंच बसन, माह्यापाशी." कॉटखालून त्यांनी पायाने एक पाट पुढे सरकवला.

मी पाहिलं. सागवान, तेलपाणी करून तुकतुकीत झालेलं. कडेला खिळ्याचं भोक, आणि भोकाभोवती फिकट निळी रेघ. डोळ्याची. भुवईसकट.

मी उभीच राहिले असणार. कारण बाई म्हणाल्या, "बस ना वं. वाळवी नाही लागली त्याले."

मी बसले. त्यांनी माझ्या पानात गोळाभात वाढला, वरून फोडणीचं तेल घातलं. मी जेवायला लागले. मग त्या, जसं काही भातात मीठ कमी आहे असं सांगत असाव्यात तशा आवाजात म्हणाल्या, "त्या तुकड्यातली माती काळी होती. आपल्या घराखाली मुरूम हाय. तुह्या दादांनी टाकला तवा म्या उभी होती."

काळी माती शेतात. घराच्या पायात मुरूम. वऱ्हाडात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, काळ्या मातीवर घर उभं राहत नाही म्हणून आधी ती काढतात आणि मुरूम भरतात. मला कळलं नाही. मी तो तुकडा झटकलाही नव्हता.

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोटांत माती चुरली तेव्हाच. आणि तरी म्हणाल्या, काढून टाका. का म्हणाल्या? मी विचारलं नाही. त्या लग्नाचं बोलायला लागल्या. लग्नाला येतो म्हणाल्या, पण तो लोखंडी जिना काही चढवत नाही, खालीच कुठं तरी टाक मले. मी हो म्हटलं. निघताना त्यांनी गौरीच्या नावाने वाटीभर शिरा डब्यात घालून दिला. मी पिशवी धुंडाळली. परत घालायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

वाळवीचं खोटं बाईंना माहीत आहे. गौरीच्या बाबांना नाही, पण ते मी त्यांना सांगणार आहे, आज संध्याकाळी, हे लिहून झालं की. त्यांना वहिनीने वाढवलं आहे. ते काय म्हणतील, ते म्हणतील.

तेवढंच असतं तर हे लिहिलं नसतं. खोटं बोलले ते पकडलं गेलं, तिथे हिशेब मिटला. जे कोणालाच माहीत नाही — बाईंनाही नाही, निदान मला तसं वाटतं — ते वेगळं आहे. ते जिना काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घडलं.

हे अंघोळीला गेले होते. गौरी शाळेत गेली होती. हॉलमध्ये टेकू उभे होते आणि लाकडाचा भुसा अजून कोपऱ्यात पडलेला. मी ओट्यापाशी चटणीची तयारी करत होते. शेंगदाणे भाजून परातीत निवत ठेवले होते. वरून बाईंची पावलं ऐकू आली, स्वयंपाकघरातून जिन्याच्या जागेपर्यंत आली आणि थांबली. मग फळ्यांवर टकटक झालं.

वाटीचाच आवाज. रोजच्यापेक्षा मोठा, कारण खाली पोकळ होतं.

त्या विसरल्या होत्या का? हाताला सवय होती म्हणून वाजवली? की विसरल्या नव्हत्या, आणि मी "आले" म्हणते का ते पाहत होत्या? नुसतं "आले बाई" म्हटलं असतं, अंगणातून वळसा घालून वर गेले असते, तरी पुरलं असतं. हे मला तेव्हा, त्या क्षणी, समजलं होतं. नंतर सुचलं असं नाही.

परत टकटक झालं. जरा हळू.

मी मिक्सरचं भांडं लावलं, झाकणावर हात दाबला आणि बटण फिरवलं. वरचा आवाज थांबला असेल असं वाटेपर्यंत फिरवतच ठेवलं. शेंगदाणे परातीतच होते. भांडं रिकामं होतं.